रिकाम्या रुळाचं काम

मागच्या दोन अंकांत आपण १२० सें.मी. लांब आणि ७५ सें.मी. रुंद फळीवर लंबगोल रूळ मांडले, पुठ्ठ्याचं स्टेशन उभं केलं, काडेपेट्यांच्या वाघिणी केल्या आणि सेलवरचं इंजिन सोडलं. गाडी पळाली. टाळ्या झाल्या. मग काय झालं असेल, ते मला न सांगताही ठाऊक आहे. दोन दिवसांनी गाडी फळीवर आणि तुम्ही अंगणात! आमच्या वर्गातल्या एकानं तर तोंडावरच सांगितलं, "मॅडम, नुसती गोल गोलच फिरूलालीय की! जाऊलालीय कुठं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. फिरणं हे काही गाडीचं काम नव्हे. खऱ्या मालगाडीला काम असतं. ही वाघीण इथं सोड, ती तिथून उचल, रिकामी मागं ने, भरलेली पुढं काढ. हे काम जिथं चालतं त्या जागेला यार्ड म्हणतात. आज आपण आपल्या फळीला यार्ड जोडायचा आराखडा करू. नुसता आराखडा, बरं का! कात्री, ब्लेड, डिंक, सगळं आज कपाटात. आज लागणार फक्त खडू, फूटपट्टी, पाच रिकाम्या काडेपेट्या आणि घरातली फरशी. (आईला आधी विचारा. पुसून देण्याच्या बोलीवर परवानगी मिळते, असा अनुभव आहे.)

आधी यार्ड म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. जुन्या वाड्याला पुढं ओसरी असते आणि मागं परसू. पाहुणे ओसरीवर येतात, बसतात, जातात. पण धान्य निवडणं, भांडी घासणं, सरपण रचणं हे सगळं परसात. स्टेशनचा फलाट ही रेल्वेची ओसरी, तर यार्ड हे तिचं परसू. तुम्ही नांदेडला राहत असाल तर हे फार छान बघायला मिळतं. नांदेड हे २००३ पासून रेल्वेच्या विभागाचं ठिकाण आहे, आणि कितीतरी गाड्या इथूनच सुटतात, इथंच संपतात. अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस घ्या. अमृतसरहून आलेली गाडी इथं रिकामी होते. पण ती फलाटावरच बसून राहिली तर मागून येणाऱ्या गाडीनं कुठं यायचं? म्हणून रिकामे डबे बाजूच्या रुळांवर न्यायचे, धुवायचे, पाणी भरायचं, खालून चाकं-ब्रेक तपासायचे. तपासणीसाठी तर दोन रुळांच्या मध्ये खड्डा असलेला खास रूळ असतो, त्याला पिट लाइन म्हणतात. खड्ड्यात उतरून कामगार डब्याचं पोट बघतात!

पुढच्या वेळी मोठ्या माणसांबरोबर स्टेशनवर गेलात, की पादचारी पुलावर जरा उभे राहा आणि खाली बघा. रूळ मोजा. त्यांतले किती फलाटाला लागून आहेत आणि किती नुसतेच पलीकडे आहेत, ते पाहा. पुलावरूनच बघायचं हं! रुळांवर उतरणं हा गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळ तर आहेच.

वाघीण हा शब्द ऐकून वर्गात दरवेळी कुणीतरी डरकाळी फोडतं. इंग्रजीतल्या 'वॅगन'ची आपल्या माणसांनी वाघीण केली, तिचा जंगलाशी काही संबंध नाही. माल भरायचा डबा तो वाघीण.

पूर्वी एकाच मालगाडीत दहा गावांच्या वाघिणी असत. त्या मोठमोठ्या यार्डांत सोडवून, गावागावांप्रमाणे लावून नव्या गाड्या जुळवत. उत्तर प्रदेशातलं मुघलसराय (२०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) त्यासाठी प्रसिद्ध होतं. तिथं यार्डात एक मुद्दाम केलेला उंचवटा आहे. इंजिन वाघिणींना मागून ढकलत उंचवट्यावर नेई, तिथून एकेक वाघीण सुटी करून उतारावर सोडत आणि ती आपली आपण ठरलेल्या रुळावर घरंगळत जाई. १९८० नंतर रेल्वेनं पूर्ण गाडीच एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्यावर भर दिला. सगळा कोळसा तर सगळा कोळसा, सगळं सिमेंट तर सगळं सिमेंट. त्यामुळं निवडण्याचं काम कमी झालं, पण एक दुसरीच अडचण वाढली. एवढी लांब गाडी उभी कुठं करायची?

लातूरच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा तुमच्यातले काही जन्मलेही नसतील, पण घरी विचारा. घागरी, टँकर, रांगा, सगळं सांगतील. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. तिला 'जलदूत' म्हणायचे. १२ एप्रिल २०१६ ला पहिली खेप लातूरला पोहोचली. टाकीच्या १० वाघिणी आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी. पुढं ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर.

आता आपण रेल्वेच्या माणसाच्या डोक्यानं विचार करू. पाणी आलं, छान झालं. पण ५० वाघिणी रिकाम्या करायच्या म्हणजे गाडी काही तास उभी राहणार. टाकीची एक वाघीण साधारण साडेबारा मीटर लांब धरा. ५० × १२.५ म्हणजे ६२५ मीटर! अर्ध्या किलोमीटरहून जास्त. एवढ्या लांबीचा रूळ मोकळा हवा, तिथं पाणी काढून घ्यायची सोय हवी, आणि तेवढ्यात मुंबईची किंवा हैदराबादची गाडी आली तर तिची वाटही अडायला नको. पाणी कितीही महत्त्वाचं असलं तरी बाकीच्या गाड्या काही दिवसभर थांबत नाहीत.

जाता जाता एक गंमत. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही वाट जुनी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं इथं बार्शी लाइट रेल्वे बांधली. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ मध्ये सुरू झाली, लातूरला ती १९११ मध्ये आली आणि मिरजेला १९२७ मध्ये. पण ती होती छोटी गाडी! तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मि.मी. आजच्या रुंद रुळांत ते १६७६ मि.मी. असतं. त्यामुळं लातूरकडून निघालेला माल कुर्डुवाडीला आला की छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत हमालांनी पाठीवर वाहून भरायचा. त्यासाठी छोटा रूळ आणि मोठा रूळ शेजारी शेजारी असत. लातूरचा रूळ २००७-०८ मध्ये रुंद होऊन कुर्डुवाडीला जोडला गेला (आता तो धाराशिववरून जातो). जुना अडीच फुटीच राहिला असता तर २०१६ ला ती ५० वाघिणींची गाडी लातूरपर्यंत आलीच नसती. आजी-आजोबांना त्या छोट्या गाडीबद्दल जरूर विचारा. एक आजोबा सांगत होते की चढावर ती इतकी हळू चाले की उतरून चिंचा वेचून परत चढता येई. खरंखोटं त्यांनाच माहीत!

तर आता आपल्या फळीकडे वळू. जगात सर्वांत जास्त चालणारं छोट्या रेल्वेचं माप म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. या मापात जलदूतची गाडी करायची तर ६२५ भागिले ८७, म्हणजे सात मीटरहून जास्त लांब. आमच्या वर्गाची भिंतसुद्धा तेवढी नाही. काडेपेट्यांची केली तरी एक पेटी ५ सें.मी., जोडायची कडी अर्धा सें.मी., असे साडेपाच. गुणिले ५० म्हणजे २७५ सें.मी., नऊ फूट. आपली फळी चार फुटांची. तेव्हा जलदूतचं नाव काढायचं नाही. आपली मालगाडी तीन वाघिणींची. हसू नका. तीन वाघिणींतही डोकं खाजवायला लावणारं काम भरपूर आहे.

आराखड्याची पहिली गोष्ट म्हणजे यार्ड जोडायचं कुठं. आपल्या लंबगोलात पुढच्या बाजूला गाडी डावीकडून उजवीकडे जाते, असं धरा. तिथं मधला सरळ रूळ ५० सें.मी. आहे. फळीच्या डाव्या कडेपासून मोजलं तर ३५ ते ८५ सें.मी.पर्यंत. यार्डाकडे वळायला तिथं एक सांधा बसवायचा. सांधा म्हणजे जिथं एका रुळाचे दोन होतात ती जागा. बहुतेक मुलं तो डाव्या टोकाला काढतात, कारण गाडी तिकडून येते आणि सरळ यार्डात शिरते. शिरते खरी, पण मग बघा काय होतं. पुढं इंजिन, मागं तीन वाघिणी, आणि समोर रूळ संपला. इंजिन कोंडलं! मागं वाघिणी, पुढं भिंत. सायकल बोळात घातली आणि बोळ बंद निघाला, तशी गत.

म्हणून सांधा उजव्या टोकाला काढायचा आणि त्याचं तोंड उलटं ठेवायचं. गाडी सांधा ओलांडून पुढं जाते, थांबते, मग सांधा बदलून मागं मागं यार्डात ढकलत येते. आता वाघिणी आत आणि इंजिन बाहेरच्या बाजूला. वाघिणी सोड, इंजिन मोकळं. तुमचं सेलवरचं इंजिन मागं जात नसेल तर बटण बंद करून हातानं ढकला. आम्ही तेच करतो. यार्डातली सगळी ढकलाढकल, म्हणजे शंटिंग, हातानंच करायची.

दुसरी गोष्ट लांबीची, आणि इथं बहुतेकांची फसगत होते. रूळ कुठून कुठपर्यंत मोजायचा? सांध्यापासून शेवटपर्यंत? मुळीच नाही. सांध्याजवळ दोन रूळ इतके जवळ असतात की एका रुळावर वाघीण उभी असली तर दुसऱ्यावरून जाणारी तिला घासेल. दोन रूळ पुरेसे लांब गेले की मगच वाघीण उभी करता येते. खऱ्या रेल्वेत त्या ठिकाणी दोन रुळांच्या मध्ये पांढरी खूण असते, तिला फाउलिंग मार्क म्हणतात. त्या खुणेच्या आत आपलं शेपूट राहिलं पाहिजे, हा नियम. तुमच्या फरशीवर दोन काडेपेट्या शेजारच्या रुळांवर ठेवा आणि सांध्याकडे सरकवत आणा. जिथं घासतील त्याच्या थोडं अलीकडे खडूनं खूण करा. आमच्या मापात सांधा १२ सें.मी.चा झाला आणि त्यापुढं आणखी ८ सें.मी. गेल्यावर खूण आली. म्हणजे प्रत्येक फाट्याचे २० सें.मी. असेच जातात, त्यांत काही ठेवता येत नाही.

आता हिशेब करू. मुख्य रुळावरचा सांधा ८५ पासून ७३ सें.मी.पर्यंत. पांढरी खूण ६५ वर. म्हणजे फळीच्या डाव्या कडेपर्यंत आपल्या हाती फक्त ६५ सें.मी. आले. फळीच्या पुढच्या बाजूला १२० लांब आणि २५ सें.मी. रुंद अशी जोडफळी लावली आहे, पण तिच्यातले कामाचे एवढेच.

एवढ्या जागेत काय मावेल? ब्रिटनमधले ॲलन राइट नावाचे एक छंदिष्ट होऊन गेले. त्यांनी अगदी लहानशा यार्डाचं एक कोडं तयार केलं. त्याचं नाव 'इंगलनुक सायडिंग्ज'. त्यात फक्त तीन फाटे. एक पाच वाघिणींचा, दोन तीन-तीन वाघिणींचे, आणि पुढं एक रिकामा रूळ, ज्यावर इंजिन आणि तीन वाघिणी मावतील. या रिकाम्या रुळाला रेल्वेवाले शंटिंग नेक म्हणतात. आपण त्याला नुसतं 'मान' म्हणू. वाघिणी एकूण आठ. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमानं लांब फाट्यावर जुळवायच्या. असे क्रम किती होतील? ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६७२०. रोज एक खेळलात तरी अठरा वर्षं पुरेल!

ते आपल्याकडे मावतं का बघा. मान म्हणजे इंजिन ८ सें.मी. आणि तीन वाघिणी साडेसोळा, मिळून साडेचोवीस. दोन सांधे चोवीस. पांढऱ्या खुणेपर्यंत आठ. आखूड फाट्यावर तीन वाघिणी साडेसोळा. बेरीज ७३. हाती ६५. आठ सें.मी. कमी पडले.

इथं दोन वाटा आहेत. जोडफळी डाव्या बाजूला दहा-पंधरा सें.मी. बाहेर काढायची. घरात जागा असेल तर खुशाल काढा. आमची फळी कपाट आणि दाराच्या मध्ये बसते, म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. सगळंच लहान केलं. लांब फाटा तीन वाघिणींचा, आखूड फाटे दोन-दोनचे, मान इंजिन अधिक दोन वाघिणींची. १९ + २४ + ८ + ११ = ६२. तीन सें.मी. उरले. त्यांत रुळाच्या शेवटी काडीचा अडसर बसेल. वाघिणी पाच.

हे सगळं फरशीवर खडूनं खऱ्या मापात आखायचं. वहीत लहान चित्र काढून चालत नाही. चित्रात सगळं मावतं. पेन्सिलीचा सांधा हवा तेवढा वाकतो. फरशीवरची काडेपेटी मात्र ऐकत नाही.

आमच्या वर्गात आराखडा इथवर आला आणि भांडण लागलं. एका मुलाला यार्डात कापसाचं गोदाम हवं होतं. छान, मोठं, पत्र्याचं. त्याला जागा कुठून काढायची? त्यानं मानेवर बोट ठेवलं. "ह्यो रूळ रिकामाच की मॅडम! यावर काहीच ठिवायचं नाही, मग एवढा कशाला? एका वाघिणीपुरता ठिवा अन् बाकीची जागा गोदामाला द्या. उगीच वाया चाललीय."

बोलणं पटण्यासारखं होतं. निम्म्या वर्गानं माना हलवल्या. साडेपाच सें.मी.चा तर प्रश्न! मी म्हटलं, बरं, दोन्ही प्रकारे खेळून बघू. फरशीवर दोन यार्डं आखली. फाटे अगदी सारखे. एकाची मान दोन वाघिणींची, दुसऱ्याची एकीची. शेजारून मुख्य रूळ, त्यावर एक मुलगी प्रवासी गाडी फिरवणार. अट एवढीच की यार्डातल्या इंजिनानं पांढरी खूण ओलांडून तिच्या रुळावर यायचं नाही.

तुम्हीही मांडा. लांब फाट्यावर आतून तोंडाकडे १, २, ३ नंबरच्या पेट्या. एका आखूड फाट्यावर आत ४, तोंडाशी ५. दुसरा आखूड फाटा रिकामा. आता लांब फाट्यावर आतून तोंडाकडे ५, ३, १ अशी गाडी जुळवायची. पेटी उचलायची नाही, इंजिनानं ओढायची किंवा ढकलायची.

लांब मानेच्या गटानं काही वेळानं गाडी जुळवली. मग फेऱ्या मोजत पुन्हा खेळले, कमी करत करत सातांवर आले. फेरी म्हणजे इंजिन एकदा एखाद्या फाट्यात जाऊन परत मानेवर येणं. तुम्हालाही सातांत जमतं का बघा. एवढं सांगते की इंजिनाला एक वाघीण लावलेली असताना तसंच दुसऱ्या फाट्यात जाऊन आणखी एक उचलता येते.

आखूड मानेचा गट मात्र मधली सुट्टी झाली तरी फरशीवरच होता. डबे उघडले नाहीत. "होईल मॅडम, थोडंच राहिलंय." पण ते होणारच नव्हतं, आणि का ते तुम्ही बोटांवर मोजू शकता. १ नंबर सगळ्यांत आत आहे. तिच्या जागी ५ नंबर आणायची, म्हणजे आधी १ बाहेर काढली पाहिजे. त्यासाठी बाकीच्या चारही वाघिणी दोन आखूड फाट्यांवर गेल्या पाहिजेत. तिथं जागा बरोब्बर चारच. दोन्ही फाटे गच्च भरले. १ नंबर ओढून मानेवर आणली. मान एकीचीच, तीही भरली. आता पूर्ण यार्डात रिकामी जागा कुठं उरली? फक्त लांब फाट्यावर, जिथून १ काढली तिथं. दुसरीकडे तिला ठेवता येत नाही, आणि ती इंजिनाला लागलेली असताना दुसरी कुठली ओढता येत नाही. परत तिथंच ढकला! शंभर वेळा करा, हजार वेळा करा, १ नंबर आपली जागा सोडत नाही. मानेत आणखी एका वाघिणीची जागा असती, तर १ ला धरूनच ५ ओढता आली असती.

गोदामवाल्यानं शेवटी तोडगा काढला. "मेन लाइनवर जरासं मागं घेऊ की. एवढुसं तर जायचंय!" प्रवासी गाडी फिरवणारी मुलगी लगेच उठून उभी राहिली. "माझ्या गाडीत माणसं बसलीत. किती वेळ थांबू?" यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. खऱ्या रेल्वेतही नेमकं हेच होतं. यार्डाची मान अपुरी असली की शंटिंगचं इंजिन मुख्य रुळावर येतं, आणि तेवढा वेळ तुमची-आमची गाडी सिग्नलपाशी उभी राहते. आपण खिडकीतून डोकावून म्हणतो, "काहीच तर नाही पुढं, मग का थांबवलीय?"

कुणी हुशार मुलगा म्हणेल, मान आखूडच ठेवू, पण एक आखूड फाटा दोनाऐवजी तीन वाघिणींचा करू आणि वाघिणी पाचच ठेवू. चालेल! मग १ नंबर तिथं जाऊन बसेल आणि जागा सुटेल. पण बघा, तिथंही तुम्ही एक जागा रिकामीच ठेवलीत. ती मानेत ठेवा नाहीतर फाट्यात ठेवा, हिशेबातून तिची सुटका नाही. माझं मत विचाराल तर मानेतच ठेवा. कारण फाट्यावर रिकामी जागा दिसली की कुणीतरी सहावी पेटी आणून ठेवतंच!

गोदामाचं काय झालं? ते झालं. जोडफळीची रुंदी २५ सें.मी. होती आणि तीन रुळांना मिळून १५ सें.मी. पुरले. उरलेल्या पट्टीत, लांब फाट्याला समांतर, लांबट गोदाम बसलं. आधी वाटलं होतं त्याहून अरुंद, पण आता वाघीण सरळ त्याच्या दारात उभी राहते. त्या मुलानं त्यावर 'कापूस' असं लिहून वर लाल रंगात 'विडी ओढू नये' अशी पाटीही लावली आहे.

पुण्याला जाणं झालं तर कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथं एका अख्ख्या छोट्या शहरातून गाड्या पळतात. सगळे पळणाऱ्या गाडीकडे बघतात. तुम्ही मात्र एक वेगळं काम करा. कुठले रूळ रिकामे आहेत आणि ते का रिकामे असतील, याचा अंदाज बांधा. जमल्यास चित्र काढून आणा.

आराखडा पक्का झाला असं कधी म्हणायचं? फरशीवर किमान चार-पाच वेगवेगळे क्रम जुळवून झाले, एकदाही इंजिन पांढऱ्या खुणेबाहेर गेलं नाही आणि एकदाही पेटी हातानं उचलावी लागली नाही, तर म्हणायचं. तीन वाघिणींचे एकूण क्रम ५ × ४ × ३ म्हणजे ६०. सगळे खेळायची गरज नाही. मग फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर तीच मापं उतरवा, पांढऱ्या खुणांसकट. हा कागद जपून ठेवा. पुढच्या अंकात तोच जोडफळीवर चिकटवून आपण रूळ कापणार आहोत. पुठ्ठा कापायला धारदार पातं लागेल, तेव्हा त्या दिवशी ताई, दादा किंवा बाबा यांच्यापैकी कुणालातरी आत्ताच सांगून ठेवा. जोडफळी मोठ्या फळीला खिळ्यांनी ठोकू नका, खालून दोन स्क्रू लावा. घर बदललं किंवा दिवाळीची साफसफाई निघाली तर सोडवता येते.

तोवर घरी हे कोडं घाला. मांडणी मघाचीच. लांब फाट्यावर आतून १, २, ३. आखूडवर आत ४, तोंडाशी ५. या वेळी लांब फाट्यावर जुळवायचं आहे आतून तोंडाकडे ४, २, ५. किती फेऱ्या लागल्या ते पाटीवर लिहून ठेवा, आणि मग पाटी झाकून आई-बाबांना खेळायला बसवा.